बेडूकमॅडमची अकरा शून्यं

देवाने हे जग निर्माण केलं असं धरून चाललं, तरी ते त्याने मोजलेलं नाही आणि राहिलेलं ते काम आता आपल्यालाच उरकायचं आहे, अशी आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मॅडमची पक्की समजूत होती. जीव कोणता, कुठे, किती आणि तिथेच का, दुसरीकडे का नाही, एवढ्यातच त्यांचा प्रपंच आटोपलेला. त्या विद्यापीठातल्या. हाताखाली पाच-सहा संशोधक मुलं होती आणि त्या सगळ्यांचा मिळून एक गट होता. वसईतल्या आमच्या पापडीत आणि आजूबाजूच्या गावांत जी बावखलं आहेत, त्यांत काय काय जगतं आणि कशामुळे जगतं किंवा मरतं, याचा अभ्यास हा गट करत होता. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं डबकंच, पण असं आमच्यापैकी कुणासमोर म्हणू नका. विहिरीहून मोठं आणि तळ्याहून लहान असं ते असतं, आणि केळी, पानवेली, फुलझाडं आजवर त्यानेच पोसली. आम्ही जन्मापासून त्याच्या काठावर वाढलो, त्यात पोहायला शिकलो, आणि त्यात बेडूक किती हे मोजावं असं आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मॅडम आल्या आणि महिन्याभरात गावाने त्यांचं बारसं केलं. पहिल्यांदा नाव पडलं बेडूकबाई. पुढे त्यांच्या डिग्र्या कानावर आल्यावर आदराने बेडूकमॅडम झालं.

घर भाड्याने घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी खोल्या पाहिल्याच नाहीत. गच्चीवर गेल्या, चारी दिशांना पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, इथून चार बावखलं दिसतात. मी राहते." मी म्हटलं, नळाला पाणी किती वाजता येतं ते तरी विचारा. तर म्हणाल्या, "पाणी येतं हे महत्त्वाचं नाही, ते खारं कधीपासून झालं ते सांगा." हा 'कधीपासून' त्यांच्या तोंडातून जाता येता बाहेर पडायचा. डास वाढले म्हणा, चिमण्या कमी झाल्या म्हणा, गुडघे दुखतात म्हणा, मॅडम वही उघडून विचारणार, "कधीपासून?" एकदा कामणच्या बाजूला भातखाचरांत गेल्या असताना एका म्हातारीलाही त्यांनी तेच विचारलं. म्हातारी ठेच लागल्यासारखी थांबली आणि म्हणाली, "माजं लगीन झालं तवा पानी गोड व्हतं बाय. मंग पानी खारट झालं का मीच खारट झाले, ते कोनाला म्हायती!" मॅडमनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं आणि समोर लग्नाचं साल मांडलं. पण कहर झाला तो आमच्या शेजारच्या घरी. तिथले आजोबा वारले म्हणून मॅडम आमच्याबरोबर भेटायला आल्या होत्या. मुलगा हुंदका आवरत म्हणाला, "बाबा गेले." मॅडमच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कधीपासून?" आमच्या हिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो वळ दोन दिवस टिकला. पण तो मुलगा भला होता. डोळे पुसत म्हणाला, "मंगळवारपासून." मॅडमना आपली चूक तेव्हा कळली, त्या ओशाळल्या, आणि पुढे दहा दिवस त्या घरी रोज सकाळी स्वतः दूध नेऊन देत होत्या.

त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पाइपांची एक चौकोनी चौकट होती, लांबीरुंदीला मीटरभर. ती जमिनीवर टाकायची आणि आत जे जे दिसेल ते मोजायचं. पण ती नीट जागा पाहून ठेवायची नाही, असा कडक नियम होता. मॅडम पाठमोऱ्या उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या आणि खांद्यावरून चौकट मागे भिरकावून द्यायच्या. "जागा आपण निवडली की मन लबाडी करतं, काका. जिथे भरपूर दिसतंय तिथेच ठेवतं." एकदा आमच्या अंगणात मुलांना ही रीत दाखवत असताना चौकट उडाली ती थेट आमच्या हिच्या उडदाच्या पापडांवर पडली. ही लाटणं घेऊनच बाहेर आली. मॅडम गुडघ्यांवर बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काकू, हलू नका. पापड नऊ, मुंग्या तेवीस, माशी एक. उडाली, पण धरायची." आता अशा बाईवर रागवायचं तरी कुठून? पापड वाळल्यावर हिने चौकटीतले तेवढे नऊ वेगळे बांधून वर पाठवले. म्हणाली, मोजून झालेत, ते त्यांचेच.

पाण्यातलं मीठ पाहायला त्यांच्याकडे एक छोटं नळकांडं होतं. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा, डोळ्याला लावायचं आणि उजेडाकडे पाहायचं, की आत मिठाचा आकडा दिसतो. हे नळकांडं त्यांच्या पर्समध्ये असायचंच. जेवायला बोलावलं तर हिच्या कोकमाच्या साराचाही एक थेंब त्यावर चढला. हिने घाबरत विचारलं, "जास्त झालंय का हो मीठ?" मॅडम खिडकीकडे तोंड करून गंभीरपणे म्हणाल्या, "काकू, गूळ घातलाय ना? मग हे यंत्र खोटं बोलणार. त्याला गोड आणि खारट यातला भेद कळत नाही. जिभेवरच विश्वास ठेवायला हवा." आणि तीन वाट्या सार प्यायल्या. आमची ही त्या दिवशी जी त्यांच्या पक्षात गेली, ती आजतागायत तिथेच आहे. आमच्यात काही वाद झाला की आता तीही मला म्हणते, पुरावा दाखवा.

पावसाळ्यात त्यांचं मुख्य काम म्हणजे बेडूक ऐकणं. बेडूक दिसण्याआधी ऐकू येतो. दिवेलागणीच्या वेळी बावखलाच्या काठावर जायचं, दहा मिनिटं अजिबात बोलायचं नाही, आणि कोणत्या जातीचे किती आवाज आले ते कागदावर टिपायचं. आमच्या गावात दहा मिनिटं गप्प उभा राहिलेला माणूस एक तर चर्चमध्ये सापडतो, नाही तर भांडण झालेल्या घरात. त्यामुळे पहिल्या वर्षी लोक जवळ येऊन विचारायचे, काय झालं, कोण पडलं का पाण्यात? आमच्या मागच्या वाडीतले आंतोनकाका तर दर रविवारी येऊन मॅडमच्या कानाशी कुजबुजायचे, "बाय, आज नाय ओरडायची ती. आज रविवार, चर्चात मिस्साला गेलीत." मॅडम ओठांवर बोट ठेवायच्या आणि हसू दाबायच्या.

या सगळ्यात माझा शिरकाव झाला तो माझ्या अक्षरामुळे. मी शाळेत हेडक्लार्क होतो. चौतीस वर्षं हजेरीपट, दाखले, रजिस्टरं याच अक्षरात लिहिली, आणि तपासणीला आलेल्या प्रत्येक साहेबाने माझं अक्षर पाहून चहा मागवला. मॅडमची मुलं बावखलांवरून कागद आणायची ते चिखलाने बरबटलेले, पावसाने फुगलेले, काही अळवाच्या पानावर वाळवलेले. त्यांच्यातली श्रुतिका म्हणून एक हुशार मुलगी होती. ती विरारच्या फुलपाड्याहून स्कूटीवर यायची आणि हे कागद वाचून आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायची. तिचे डोळे फुटायची वेळ आली तेव्हा मीच म्हटलं, आणा इकडे, मी फेअर करून देतो. मॅडमनी पहिलं पान पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या अक्षरात बेडूकसुद्धा सरकारी वाटतात." एवढ्या एका वाक्यावर मी चार पावसाळे त्यांचे कागद उतरवले. जन्मात कुणी माझी एवढी आणि एवढ्या थोडक्यात स्तुती केली नव्हती. रोज दुपारी चष्मा पुसून, आखणी करून मी बसायचो, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा घरात मला कामाचा माणूस समजायला लागले होते.

मॅडमची एक शिकवण सगळ्या पापडीला पाठ झाली होती. शाळेत बोलावलं, महिला मंडळात बोलावलं, तरी त्या फळ्यावर दोन चौकोन काढायच्या, एक रिकामा ठेवायच्या आणि दुसऱ्यात शून्य मांडायच्या. "रिकामा म्हणजे आम्ही तिथे गेलोच नाही. शून्य म्हणजे आम्ही गेलो, दहा मिनिटं थांबलो, आणि बेडूक नव्हता. पहिल्यात आळस आमचा आहे, दुसऱ्यात बेडकावर काहीतरी आलं आहे. या दोघांची गल्लत करणारा माणूस मला माझ्या गटात नको." मी पहिल्या रांगेत बसून मान डोलवायचो. कान ऐकत होते, पण चौतीस वर्षांचा हात काही ऐकत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

झालं असं की समुद्राच्या बाजूला काही वाड्यांना फाटकं आणि कुलपं. मालक मुंबईला मुलांकडे, कुणी परदेशात. मुलं जायची, कुलूप पाहून परत यायची आणि कागदावर त्या बावखलाच्या नावासमोरची घरं कोरी ठेवायची. आता हजेरीपटात एकही घर कोरं दिसता कामा नये, हे माझ्या हाडात भिनलेलं. कोरं घर दिसलं की साहेब विचारणार, हे काय? मी फेअर करताना अशा प्रत्येक घरात एक छानसं, गोल, टपोरं शून्य घालत गेलो. पान कसं भरल्यासारखं दिसायचं. त्यातलं एक बावखल तर माझ्या सख्ख्या चुलतभावाचं, दादाचं. बांधावरच्या फणसावरून आमचा नऊ वर्षं अबोला होता. तिकडे जाऊ नका, ते फाटक उघडायचे नाहीत, असं मीच मुलांना सांगून ठेवलं होतं. दादाच्या बावखलासमोर शून्य काढताना मला थोडा आनंदही व्हायचा, खोटं कशाला बोलू.

ही शून्यं पुढे नकाशावर गेली आणि तिथे त्यांनी फारच सुंदर दिसायचा गुन्हा केला. कुलूपवाल्या वाड्या सगळ्या समुद्राकडच्या, त्यामुळे शून्यंही सगळी समुद्राकडेच. समुद्र जसजसा जवळ येतो तसतसं पाणी खारं होतं आणि बेडूक संपतात, असं चित्र इतकं स्वच्छ उमटलं की विद्यापीठात सगळ्यांनी मॅडमचं अभिनंदन केलं. गटाला आणखी तीन वर्षं मिळायची होती. ती द्यायची की नाही हे एका समितीने ठरवायचं होतं, आणि त्यासाठी येत्या शुक्रवारी वसईच्या एका कॉलेजच्या सभागृहात मॅडमनी सगळ्यांसमोर काम मांडायचं होतं. गावकऱ्यांनाही निमंत्रण होतं. तीन वर्षं मिळाली तर गट राहणार, नाही मिळाली तर गाशा गुंडाळणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आमच्या हिने तर नवसही बोलून ठेवला होता, आंतोनकाकांनी मेणबत्ती.

मॅडमची पद्धत अशी की निष्कर्ष जगाला सांगण्याआधी बावखलाच्या मालकाला दाखवायचा. रविवारी त्यांनी यादी आंतोनकाकांच्या हातात दिली. काका मधले दोन पावसाळे मुलीकडे मुंबईला होते आणि फाटकाला कुलूप होतं. त्यांनी चष्मा चढवून आपली ओळ वाचली आणि थेट आमच्या ओट्यावर आले. "बाय, माझी बेडकं मेली तवा मला कळवायचं तरी. माती दिली असती." मॅडम हसल्या, मग हसायच्या थांबल्या. श्रुतिकाकडून त्यांनी चिखलाचे मूळ कागद मागवले आणि माझ्या फेअर पानांशेजारी ठेवले. एका बाजूला कोरं, दुसऱ्या बाजूला शून्य. पुन्हा कोरं, पुन्हा शून्य. अशी अकरा बावखलं निघाली.

"काका, इथे शून्य कुणी घातलं?"

"मी," मी म्हटलं. "कोरं बरं दिसत नव्हतं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग ओट्यावर बसल्या आणि सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहिले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. श्रुतिका हळूच म्हणाली, "मॅडम, फ्रायडेनंतर सांगितलं तर? करेक्शन काय, नंतर पण टाकता येतं ना." तिचीही डिग्री त्याच कामावर अडकली होती, तिला दोष कसा द्यावा? मॅडम म्हणाल्या, "आज ही चूक आहे, श्रुतिका. शुक्रवारनंतर ती लबाडी होईल." मग उठल्या आणि माझ्याकडे वळल्या. "काका, गावात तुमची ओळख आहे. अकरा फाटकं उघडून द्या. चार दिवस आहेत."

त्या चार दिवसांत मी जेवढे फोन केले तेवढे हिच्या लग्नात माझ्या सासऱ्यांनी केले नसतील. किल्ल्या कुणाच्या मावशीकडे, कुणाच्या माळ्याकडे, एक तर चर्चची देखभाल करणाऱ्या सॅक्रिस्टनकडे निघाली. रोज दिवेलागणीला आम्ही दोन-तीन बावखलं गाठत होतो. आंतोनकाकांच्या बावखलात एवढा गलका होता की श्रुतिकाने आवाज मोजणं सोडून नुसते कान झाकले. शेवटी उरलं दादाचं फाटक. मी बाहेर उभा राहिलो आणि नऊ वर्षांनी हाक मारली. दादा बाहेर आला, मला पाहिलं, माझ्यामागच्या मॅडमना पाहिलं आणि म्हणाला, "तू आलास म्हणजे कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी गेलं नाही. बेडूक ऐकायचेत." दादाने कडी काढली. "ये. चपला बाहेर काढ, ओटा आताच धुतलाय." आम्ही काठावर दहा मिनिटं उभे राहिलो. दादाही आला. भांडलेल्या माणसांना हा नियम फार सोयीचा आहे, दहा मिनिटं कुणी काही बोलायचंच नसतं. एकही आवाज आला नाही. ना डराव, ना टिकटिक. वेळ संपल्यावर दादा खालच्या आवाजात म्हणाला, "डासांसाठी गप्पी मासे सोडले, त्यानंतर बेडकांची पोरं काही वाचलीच नाहीत. मला वाटायचं फक्त मलाच ऐकू येत नाही, कानाचं काही असेल." मॅडमनी कागदावर शून्य काढलं, आणि ते त्यांनी इतक्या हळू काढलं की मला माझ्या टपोऱ्या शून्यांची लाज वाटली.

अकरांपैकी आठांत बेडूक होते. मॅडमनी जुनी सगळी शून्यं पुसून तिथे कोरी घरं ठेवली, आणि ते सुंदर चित्र विस्कटलं. राहिलं ते असं, की कुठे मीठ, कुठे मातीचा भराव, कुठे गप्पी मासे, आणि बऱ्याच ठिकाणी अजून सांगता येत नाही. शुक्रवारी मॅडमनी हेच मांडलं. सुरुवातच अशी केली की मागच्या वेळी मी तुम्हाला जे दाखवलं, त्यात चूक होती. एवढ्या ठणठणीत आवाजात कुणी आपली चूक सांगताना मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे चूक सांगताना आधी आवाज बसतो. समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा वर सरकवत विचारलं, "मॅडम, कोरं आणि शून्य यातला फरक पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतो. तुमच्याकडे कुणाला कळत नव्हता?" सभागृहात हशा पिकला.

मी तिसऱ्या रांगेत होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. ज्या बाईने सगळ्या पापडीला तो फरक शिकवला, तिला लोक हसत होते. हिने मला कोपराने ढोसलं. एकदा, मग दुसऱ्यांदा.

"या नोंदी उतरवल्या कुणी?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"माझ्या गटाने," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे मीच."

त्यांनी आमच्या रांगेकडे नजरसुद्धा वळवली नाही. मी खुर्चीचे हात धरून बसून राहिलो आणि पुढचा प्रश्न आला.

तीन वर्षं मिळाली नाहीत. श्रुतिकाने आपलं काम विद्यापीठात जाऊन पूर्ण केलं, आणि मॅडम कोकणात एका लहान कॉलेजात शिकवायला गेल्या. जाताना आमच्या हिला मिठी मारली, मला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "काका, अक्षर सांभाळा." त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. मी काही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात टेंपोवाल्याने हॉर्न दिला आणि ते राहिलं. आता वर एक नोकरदार जोडपं राहतं, भली माणसं आहेत, पण गच्चीवर कुणी जात नाही. दादाने गप्पी मासे काढून टाकले. संध्याकाळी मी त्याच्याकडे जातो, आम्ही काठावर बसतो, अजून तरी काही ऐकू येत नाही. फणसाचं काय करायचं हेही अजून ठरलेलं नाही.

मॅडमची आठवण येते. फार येते. मॅडम का गेल्या, असं गावात कुणी विचारलं की मी आजवर सांगत आलो, बदली झाली. काही जण म्हणतात, हुशार बाई, पण कामात जरा ढिसाळ होती, आकडे चुकले म्हणे. हे माझ्यासमोर म्हणतात, माझ्याच ओट्यावर बसून, माझ्याच घरचा चहा पीत. ढिसाळ त्या नव्हत्या. ती अकरा शून्यं माझी होती, आणि हे मला त्या शुक्रवारी, तिसऱ्या रांगेत उभं राहून सांगता आलं असतं.